कागदावरचा ठसा उजेडात आणणाऱ्या मॅडलिन जूलिए

काचेवरचा बोटाचा ठसा पावडर फिरवली की दिसतो. कागद मात्र घाम पिऊन टाकतो. धमकीचं पत्र, बनावट चेक, खोटी नोट यांवर ब्रश फारसा कामाचा नाही, तिथे रसायनशास्त्रच लागतं. ठशांच्या वर्गीकरणासाठी कोलकात्यात १८९७ मध्येच ब्यूरो सुरू झाला होता, पण कागदात मुरलेला ठसा बाहेर काढायची खात्रीची युक्ती मिळायला १९५४ साल उजाडलं.

बोटांचा घाम म्हणजे जवळपास सगळं पाणीच. ते उडून जातं, पण त्यातली चिमूटभर अमिनो आम्लं कागदाच्या सेल्युलोजला घट्ट धरून बसतात आणि जागची हलत नाहीत. म्हणून कित्येक वर्षं फायलीत पडलेल्या कागदावरूनही ठसा मिळू शकतो. केंब्रिजमध्ये झीगफ्रीड रुहेमान यांनी १९१० मध्ये निनहायड्रिन हे अमिनो आम्लांशी गाठ पडली की जांभळा रंग देणारं रसायन बनवलं. ते कातडीला लागलं की जांभळा डाग पडतो, हे त्यांनाही दिसलं होतं. तरी ते ठशांसाठी वापरायचं दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना सुचेपर्यंत ४४ वर्षं गेली!

अडचण अशी की जांभळा ठसा गडद किंवा छापील कागदावर हरवतो. ठसा स्वतःच चमकला तर? निनहायड्रिनच्या ठशाला जस्ताचा क्षार लावला तर तो लेझरखाली चमकतो, पण नीट चमकण्यासाठी कागद द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करावा लागतो. रोजच्या तपासात कोण करणार हे?

इथे मॅडलिन जूलिए येतात. जन्म १९२७ चा, पॅरिसचा, बालपण ब्राझीलमध्ये. अमेरिकेत शिकून १९५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथेच शिकवू लागल्या. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विभागात तेव्हा बाई दिसणं दुर्मीळ होतं. त्यांचं मुख्य काम समुद्री जिवांतली गुंतागुंतीची संयुगं प्रयोगशाळेत घडवण्याचं. ठशांकडे त्या वळल्या त्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसबरोबर. राष्ट्राध्यक्षांच्या मागे काळा चष्मा लावून उभी असते तीच ही संस्था. १८६५ मध्ये ती मुळात खोट्या नोटा पकडायला निघाली होती, त्यामुळे कागदाशी तिचं नातं जुनं.

जूलिए यांचा गट निनहायड्रिनच्या रेणूत फेरफार करून अधिक चमकणारं काही मिळतं का, ते पाहत होता. गंधक जोडलेलं निनहायड्रिन बनवताना मधल्या पायरीवर एक संयुग हाती यायचं. ते अमिनो आम्लावर घालून पाहिलं, तर तेच झगमगलं! मग याच कुळातल्या साध्या रेणूची, १,२-इंडेनडायोनची, पाळी आली. निनहायड्रिनच्या गाभ्यात कार्बोनिल गट (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) तीन, यात दोनच. त्यावरचे पहिले निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. शोध निव्वळ नशिबाचा म्हणवत नाही. मधल्या पायरीचा माल कोणी सहसा तपासत बसत नाही, यांनी तपासला.

आता कागद इंडेनडायोनच्या द्रावणात बुडवतात, वाळवतात आणि १६० अंश सेल्सिअसच्या प्रेसखाली दहाएक सेकंद दाबतात. ठसा फिकट गुलाबी उमटतो. हिरवा प्रकाश टाकून नारिंगी काचेतून पाहिलं की रेषा न् रेषा लखलखते, नायट्रोजनची गरज नाही.

कुरकुरी होत्याच. द्रावणात मिथेनॉलसारखं अल्कोहोल असलं की रेणू त्याच्याशीच जोडला जातो आणि काम मंदावतं. शिवाय हवेतल्या दमटपणाप्रमाणे एका देशात उत्तम निकाल, दुसऱ्या देशात यथातथाच. द्रावणात थोडं झिंक क्लोराइड घातल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

पुष्कळ प्रयोगशाळा आधी इंडेनडायोन वापरतात, मग निनहायड्रिन. कागद भिजलेला असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण अमिनो आम्लं पाण्याबरोबर वाहून गेलेली असतात. तेव्हा उरलेल्या तेलकट अंशावर चांदीचे कण बसवून ठसा शोधावा लागतो.