फॉरमॅट मारण्याआधी : ‘कायमस्वरूपी’ लायसन्सबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

“बॉक्स आहे, सीडी आहे, सीरियल नंबर आहे, तरी फोटोशॉप चालू का होत नाही?” डीटीपीवाले आणि फोटो स्टुडिओवाले आम्हाला सगळ्यात जास्त हेच विचारतात.

अडोबीची फोटोशॉपसारखी जुनी सीएस (क्रिएटिव्ह सूट) सॉफ्टवेअर सीरियल नंबर टाकल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडून मंजुरी घेतात. सीएस२ चा हा सर्व्हर कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये बंद केला, पुढे सीएस३ चाही. मशीनवर आधीच अॅक्टिव्हेट असलेले सीएस३ चालत राहते. पण विंडोज नव्याने टाकली की पैसे मोजून घेतलेल्या मूळ सीडीवरूनही ते परत चालू करता येत नाही. हा ग्राहकावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून कळकळीची विनंती : मशीन स्लो झाले म्हणून ओळखीच्या कुणाकडून परस्पर फॉरमॅट मारून (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून) घेऊ नका. त्यानंतर आमच्याही हातात काही उरत नाही. बऱ्याचदा रॅम वाढवून काम भागते. फॉरमॅट करावेच लागले, तर आम्ही आधी पूर्ण हार्डडिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढतो आणि काय काय अॅक्टिव्हेट आहे ते तुम्हाला फोन करून सांगतो. यात एक दिवस जादा जातो, वेगळे पैसेही पडतात. पण गेलेले लायसन्स त्याहून फार महाग पडते. एसएसडी बसवली तर जुनी डिस्क न पुसता तुमच्या हाती देतो. क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारी बेकायदा फाइल) मात्र आम्ही टाकून देत नाही.

ऑफिस २०१९ ची गोष्ट वेगळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, लायसन्स संपलेले नाही. ते चालते, फक्त सुरक्षा अपडेट येत नाहीत.

आता कायद्याचे. सबळ कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याची मुभा कंपनीला देणारी अट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ‘अनुचित करारा’त मोडते. त्याविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मुदत दोन वर्षे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारावर पोट असलेल्याला सवलत आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.

तक्रारीला बिल लागतेच. त्यावर नुसते ‘सॉफ्टवेअर’ नको; व्हर्जन आणि लायसन्स कायमचे की वर्षाचे, हे लिहून घ्या. आमच्या बिलावर दोन्ही असते.