बर्फात पाम जगतो कसा आणि मरतो कशाने

न्यूजर्सीसारख्या थंड भागात घर घेतलेल्या मराठी माणसाला, त्यातून तो कोकणातला किंवा गोव्याचा असेल तर, कधी ना कधी वाटतंच की अंगणात एखादा माड असता तर काय मजा आली असती. तर माड विसरा. नारळाला बर्फ सोडाच, शून्याच्या आसपासची एक रात्रसुद्धा झेपत नाही. पण पामच्या कुळात सुमारे २,६०० जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्या काही अशा चिवट आहेत की मायनस १५ डिग्री बघून पुढच्या जूनमध्ये आरामात नवीन पान काढतात.

आधी पाम थंडीत मरतो कशाने ते बघू, कारण सगळी काळजी त्यावरच ठरते. पानं करपली म्हणून पाम मरत नाही, पानं परत येतात. खरा जीव शेंड्यात असतो. मेपलचं झाड हिवाळा आला की पानं टाकून झोपी जातं, फांद्यांवर नवीन फुटीचे ढिगाने डोळे तयार असतात, त्यातले निम्मे मेले तरी एप्रिलमध्ये झाड हिरवं होतं. एकखोडी पामला हा चान्सच नाही, एक खोड, एक कोंब, आणि सगळी वाढ त्या एका कोंबातून. शेंडा गेला की माड गेला हे कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही. दुसरं असं की पामच्या खोडात दरवर्षी लाकडाचं नवीन वलय तयार होत नाही, पाणी वर नेणाऱ्या ज्या नळ्या एकदा झाल्या त्याच आयुष्यभर वापरायच्या, त्यामुळे त्यात पाणी गोठून परत वितळताना हवेचे बुडबुडे अडकले तर मेपलसारखी नवीन नळ्या करून घ्यायची सोय नाही. वरून हा बाबा पानं टाकून झोपतही नाही. जानेवारीत जमीन गोठलेली, वर सुका वारा, पानांतून पाणी उडतंय आणि मुळांना खालून ओढता येत नाही. मार्चमध्ये जी तपकिरी पानं दिसतात त्यातली बरीचशी गोठून नाही, वाळून गेलेली असतात.

मग काही जाती टिकतात कशा? पाणी शून्याला गोठतं हे शाळेत शिकलो ते बरोबरच, पण बर्फाचा पहिला कण धरायला काहीतरी लागतं. धूळ, एखादा बॅक्टेरिया, किंवा आधीच झालेला बर्फ. ते नसेल तर पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही पातळच राहतं, याला सुपरकूलिंग म्हणतात. पामच्या पानाला आत बर्फ झालेला चालत नाही, झाला की तो भाग मेला, म्हणून सगळा डाव बर्फ सुरूच होऊ न देण्याचा असतो. पेशीतल्या रसात साखर आणि क्षार असतात त्यामुळे एक-दोन डिग्री मिळतात, पुढचा पल्ला सुपरकूलिंगचा. आणि म्हणूनच कोरडी थंडी एक वेळ परवडली पण ओली थंडी नको, कारण कोंबाच्या बेचक्यात पावसाचं पाणी साचून गोठलं की बाहेरचा बर्फच आतल्या पाण्याला गोठायला लावतो.

सगळ्यात जास्त थंडी सोसणारे पाम दिसायला मात्र पामसारखे नाहीत, झुडपासारखे दिसतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला नीडल पाम हा त्यातला राजा, मायनस २० च्या आसपासची थंडीसुद्धा काढतो, वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी वृक्षबागेत, बाहेर उघड्यावर लावलेले आहेत. त्याचा कोंब जमिनीलगत, जुन्या पानांच्या आणि लांब काळ्या काट्यांच्या गचपणात लपलेला असतो. दुसरा सबाल मायनर, त्याचं खोड तर बहुतेक वेळा जमिनीच्या खालीच असतं आणि वर नुसती पंख्यासारखी पानं. हा ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्यात रानात आपोआप उगवतो. हवा मायनस १५ असली तरी मातीच्या पोटात तेवढी थंडी उतरत नाही, म्हणजे या दोघांनी आपला जीव जिथे ठेवलाय तिथे हिवाळा मुळात निम्माच पोचतो. गंमत म्हणजे हाच नीडल पाम इंग्लंडमध्ये, जिथे हिवाळा किती तरी सौम्य, तिथे रडत-खडत वाढतो. त्याला उन्हाळ्यात दणकून ऊन आणि घाम काढणारी हवा लागते, तरच हिवाळ्यात झालेलं नुकसान भरून काढता येतं. न्यूजर्सीतला जुलै तसा असतो, लंडनचा नसतो.

नर्सरीत लेबलवर झोन ७ लिहिलेलं असतं आणि लोक निवांत होतात. झोन ७ म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचं तापमान सरासरीने मायनस १७.८ ते मायनस १२.२. सरासरीने, हे लक्षात घ्या, म्हणजे बऱ्याच वर्षी ते त्याच्याही खाली जाणार. शिवाय ती थंडी दोन तास होती की चार दिवस हे तो आकडा सांगतच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये जे झालं ते बघा. डॅलसला पारा मायनस १९ च्या जवळ गेला, आणि दिवस-दिवस शून्याच्या वर यायलाच तयार नव्हता. ऑस्टिन, सॅन अँटोनिओमधले रस्त्याकडेचे उंच मेक्सिकन फॅन पाम, वर्षानुवर्षं उभे असलेले, ढिगाने मेले आणि नंतर कापून काढावे लागले. त्याच शहरांतले तिथले देशी सबाल मात्र पानं करपवून का होईना पण वाचले.

आता ज्यांना झुडूप नको, खोडवाला पामच हवाय, त्यांच्यासाठी खरं म्हणजे एकच नाव, विंडमिल पाम, शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी. मूळचा चीनकडचा, खोडावर काथ्यासारखं तपकिरी केसाळ जाळं, त्याचे तिकडे दोर आणि झाडू करतात. फॉर्च्युनी हे नाव रॉबर्ट फॉर्च्यूनवरून आलंय, हा तोच गडी ज्याने चीनमधून चहाची रोपं चोरून ईस्ट इंडिया कंपनीला आणून दिली. त्याच धामधुमीत १८४९ ला त्याने हे पाम इंग्लंडला पाठवले आणि राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊसच्या बागेतही ते लागले. जम बसलेलं मोठं झाड, कोरडी आणि थोड्या वेळाची थंडी असेल तर मायनस १५ पर्यंत टिकतं. याचा एक भाऊबंद आपल्याकडचा आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं: ट्रॅकीकार्पस टाकिल, उत्तराखंडात पिथौरागडकडे साधारण दोन हजार मीटर उंचीवर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथल्या ओकच्या जंगलात वाढतो. १९०५ मध्ये बेक्कारी नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. पाम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर समुद्रकिनाराच येतो, पण हा गडी हिमालयातला.

आणि स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला टिचिनोत तर उलटीच डोकेदुखी झाली. बागेत शोभेला लावलेल्या विंडमिल पामची फळं पक्ष्यांनी खाल्ली, बिया जंगलात पडल्या, हिवाळे सौम्य होत गेले, आणि आता तिथल्या जंगलात पामची रोपंच रोपं. शेवटी सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या स्वित्झर्लंडमध्येच त्याच्या विक्रीवर बंदी आली.

असो, तर लावायचं कसं. वसंताच्या शेवटी लावा म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील, ऑक्टोबरमध्ये सेल लागला म्हणून आणून लावू नका. घराच्या दक्षिणेकडची भिंत सगळ्यात चांगली, दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, शिवाय उत्तरेचा वारा अडतो. पाणी साचणारी जागा अजिबात नको. थंडी सुरू होताना बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा वीतभर थर घाला. विंडमिल असेल तर आणि खरोखर मायनस १० च्या खाली जाणार असा अंदाज आला तरच, पानं वर गोळा करून सैलसर बांधायची, खोडाला आणि कोंबाभोवती ख्रिसमसच्या लाईटची माळ गुंडाळायची आणि वरून फ्रॉस्ट क्लॉथ, म्हणजे झाडं थंडीपासून झाकायचं हलकं कापड, सगळ्यात वर पाणी आत जाणार नाही असं काहीतरी टोपीसारखं. माळ जुन्या फिलामेंटच्या बल्बची हवी हं, एलईडी नको, एलईडी उजेड देतो पण ऊब जवळजवळ देतच नाही. सात वॉटचे पंचवीस बल्ब म्हणजे १७५ वॉट, कापडाच्या आत कोंब वाचवायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. माळ बाहेर लावायला चालणारीच घ्या आणि पेटता बल्ब कापडाला किंवा सुक्या काथ्याला टेकू देऊ नका, आग लागते. शून्याच्या जवळ आलं की आपोआप चालू होणारा थर्मोस्टॅट प्लग मिळतो, तो लावला की रात्री उठून बघायला नको. प्लास्टिक मात्र पानांना चिकटवून गुंडाळू नका, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आत वाफ धरते आणि मग बुरशीला आयतंच रान. थंडीची लाट गेली की सगळं सोडून हवा लागू द्यायची. तपकिरी झालेली पानं हिवाळ्यात कापायची घाई करू नका, ती कोंबावर पांघरूण घालून असतात.

मार्च-एप्रिलमध्ये मधलं न उघडलेलं पान हलकेच ओढून बघायचं. घट्ट असेल तर झालं, निश्चिंत व्हा. हातात उपसून आलं आणि बुडाला घाण वास येत असेल तर कोंब कुजायला लागलाय, माडाला पावसाळ्यात होतं ते कोंब कुजणंच साधारण. इथे बरेच जण झाड मेलं म्हणून उपटून टाकतात, पण वाढीचा बिंदू त्या कुजलेल्या भागाच्या बराच खाली असतो आणि पुष्कळदा जिवंत असतो. कुजलेलं सगळं काढा, भोकातलं पाणी टिपून घ्या, तांब्याचं बुरशीनाशक ओता, कोकणात बोर्डो वापरतात तसंच, आणि पाऊस आत जाणार नाही असं वर काहीतरी झाका. मे गेला, जून गेला तरी काही दिसलं नाही तर हात धुवून मोकळे होऊ नका, काही पाम जुलैच्या उकाड्यातच अर्धवट कापल्यासारखं पहिलं पान बाहेर काढतात. ते पान वेडंवाकडं असतं, त्याला कापू नका.