घरगुती मत्स्यटाकी (सोलापूर)

घरात काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आणि पाणवनस्पती जोपासण्याचा छंद. बोलीत ‘फिशटँक’. मासे पाळणे म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळणे, आणि सोलापुरात तर निम्मे काम तेवढेच आहे.

शहराला उजनी जलाशय, टाकळीजवळची भीमा आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव येथून पाणी मिळते. नळाला ते काही दिवसांआड येत असल्याने घरोघरी हौद, बॅरल भरून ठेवलेले असतात. एरवी जाच वाटणारी ही साठवण माशांच्या पथ्यावर पडते, कारण उघड्या बॅरलमध्ये एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. ताजे पाणी लगेच वापरायचे असल्यास क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घालतात. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असे पाणी मानवते; निऑन टेट्रा, डिस्कस यांना मऊ पाणी लागते. पाणी माशाला जुळवण्यापेक्षा पाण्याला जुळणारा मासा आणणे शहाणपणाचे.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी, नायट्रेट बरेच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वस्ती करतात. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी घेतली त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडले की आठवड्याभरात ते मरू लागतात, त्याचे कारण हेच. दोष मात्र दुकानदाराला दिला जातो. पाण्याचा सामू (pH, आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) जितका अधिक, तितका अमोनिया घातक. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो, सामू 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. जड पाण्याचा सामू बहुधा सातच्या वरच असल्याने इथे खाद्याची चिमूट लहानच हवी.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे पुरते. स्पंज नळाखाली न धुता, काढलेल्या पाण्यातच पिळावा. टाकी रिकामी करून घासून लख्ख करण्याची हौस जिवाणूंच्या मुळावर येते.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून दाट लागवडीच्या टाकीत मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात. अशा दिवसांत एअर पंप रात्रभर चालू ठेवावा. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा पंप उपयोगी पडतो. पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडल्यास कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होऊन तापमान दोन-तीन अंश उतरते. मात्र उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचेच पाणी ओतत गेल्यास टाकी जड होत जाते. ही भर आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढलेल्या पाण्याने घालावी. थंड पाण्याच्या गोल्डफिशला हा उन्हाळा जड जातो. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावरची हवाही घेऊ शकतात, म्हणून तग धरतात.

वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला इथे सहज रुजतात. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेण्याची त्यांची क्षमता जड पाण्यात कामी येते. अनुबियास व जावा फर्न मंद प्रकाशातही जगतात, पण त्यांचे जाड खोड वाळूत पुरल्यास कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला बांधावे. दिवा सहा ते आठ तास पुरे. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली तर काचेवर शेवाळ माजते.

शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा फूटभराहून मोठा होतो आणि मग टाकीत मावत नाही. तो सिद्धेश्वर तलावात किंवा नदीत सोडू नये. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनी जलाशयात पोहोचला असून कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो. नकोसा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाकडे सोपवावा.