मानवी हक्क आयोगाकडे तक्रार कशी करायची? खानदेशातल्या संस्था आणि कार्यकर्त्यांसाठी

धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांत काम करणारी लहान मंडळं, महिला गट, आदिवासी संघटना यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "आमची संस्था नोंदणीकृत नाही, मग आयोगाकडे तक्रार करता येईल का?" येते. मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ च्या कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती आयोगाकडे अर्ज करू शकते. धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक, लेटरहेड, शिक्का यांतलं काहीही त्यासाठी लागत नाही. फी नाही, तिकीट लावायचं नाही, वकील बंधनकारक नाही. कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेला अर्जही चालतो.

हे आधी सांगायचं कारण असं की गावोगावी 'मानवाधिकार' लिहिलेली ओळखपत्रं आणि गाडीच्या पाट्या विकणारे लोक फिरतात. आयोग कुणालाही असं ओळखपत्र देत नाही, जिल्हाध्यक्ष नेमत नाही. सारख्या नावाच्या संस्थांपासून सावध राहा, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने वेळोवेळी जाहीर केलं आहे. कार्डासाठी कुणी पैसे मागितले तर ते देऊ नका. त्याच पैशात कितीतरी स्पीड पोस्ट जातील.

कोणती तक्रार बसते

आयोग पाहतो तो लोकसेवकाचा, म्हणजे सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्याचा वाटा. लोकसेवकाने हक्क पायदळी तुडवला असेल, त्याला चिथावणी दिली असेल, किंवा तो तुडवला जात असताना रोखण्यात हयगय केली असेल, तर तक्रार बसते. हयगयीचा मुद्दा अनेक कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून जमावाने केलेला हल्ला 'खासगी भांडण' ठरून सुटतो.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, बहुतेकांची घरं दूर सोलापूर जिल्ह्यात. अशा घटनेत मारणाऱ्यांवर खटला चालतो तो वेगळा. पण अफवा आधीपासून पसरत होती का, प्रशासनाने ती थांबवायला काय केलं, मदत मागितल्यावर पोलीस कधी पोहोचले, हे प्रश्न आयोगासमोर नेता येतात. नातेवाईक परजिल्ह्यात असतील तर स्थानिक संस्थेने त्यांच्या वतीने अर्ज करावा, यासाठीच कायद्यात 'दुसरी कोणतीही व्यक्ती' हे शब्द आहेत.

कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, तक्रार घ्यायला नकार, दलित-आदिवासींवरच्या अत्याचारात तपासाची टाळाटाळ, आश्रमशाळेतले मृत्यू, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीतून न्यावं लागणं, धरणग्रस्तांच्या वसाहतीत पाणी नसणं, हे सगळं बसतं. भाऊबंदकीच्या जमिनीचा वाद, बदली-बढतीसारखी नोकरीतली गाऱ्हाणी, निनावी किंवा मोघम अर्ज, न्यायालयात प्रलंबित विषय बहुधा सुरुवातीलाच निकाली काढले जातात.

मुदत एक वर्षाची. घटना ज्या दिवशी घडली त्या दिवसापासून एक वर्ष उलटलं की कलम ३६ आडवं येतं आणि आयोग चौकशी करू शकत नाही. "आधी एसपींकडे, मग कलेक्टरकडे, मग मंत्र्यांकडे" करता करता हे वर्ष निघून जातं. या बाकीच्या अर्जांनी मुदत थांबत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या पुढे वाट पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्य आयोग की राष्ट्रीय

पोलीस, तुरुंग, आरोग्य, महसूल या राज्याच्या खात्यांबद्दल मुंबईच्या महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं. त्याचं कार्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. केंद्राच्या खात्यांबद्दल दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. भुसावळ स्थानकावर मारहाण झाली तर आधी गणवेश कुणाचा होता ते विचारा: लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं.

सीमेचा प्रश्न आपल्याकडे नेहमीचा. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. तिथे मुकादमाने उचलीपोटी, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांपोटी, डांबून ठेवलं आणि तिथल्या अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर मुंबईच्या आयोगाचा हात तिथवर पोहोचत नाही. गुजरातच्या राज्य आयोगाकडे किंवा थेट राष्ट्रीय आयोगाकडे लिहा. वेठबिगारीत त्याबरोबरच तिथल्या जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे मुक्तता प्रमाणपत्राची, म्हणजे वेठबिगारीतून सुटका झाल्याच्या दाखल्याची, लेखी मागणी हवी. पुनर्वसनाची पुढची मदत त्या कागदावर अवलंबून असते.

एकाच घटनेची तक्रार दोन्ही आयोगांकडे पाठवू नका. एका आयोगापुढे विषय प्रलंबित असेल तर दुसरा तो हातात घेऊ शकत नाही, आणि दोन्हीकडे वेळ जातो.

पहिले दोन दिवस

सगळ्या प्रक्रियेत स्थानिक संस्थेचं खरं मोल इथे आहे. मुंबई-दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्यापुढे पोलीस अधीक्षकांचा अहवाल येणारच असतो. त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काय आहे, हे घटनेनंतरच्या अठ्ठेचाळीस तासांत ठरतं.

समजा, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा तरुण रात्री पोलिसांनी उचलला आणि दुसऱ्या दिवशी मार खाऊन परतला. पहिलं काम ग्रामीण रुग्णालयात नेणं. डॉक्टरांना "पोलिसांनी मारलं" हे स्पष्ट सांगायला लावा आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करायला सांगा. केसपेपरवर नुसतं 'अंगदुखी' लिहिलं गेलं तर तोच कागद पुढे आपल्या विरोधात वापरला जातो. वळांचे फोटो उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक जवळून आणि एक चेहऱ्यासह काढा. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण काळंनिळं नंतर जास्त उठून दिसतं. ज्या फोनवर फोटो किंवा व्हिडिओ काढला तो फोन जपा आणि मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत मूळ तपशील राहत नाहीत.

मग जबाब. पावरी, भिली, अहिराणी बोलणाऱ्या माणसाचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहावा, शेजारी मराठी द्यावं. त्याने "डाव्या पायाच्या तळव्यावर पट्ट्याने मारलं" असं सांगितलं असेल तर "अमानुष मारहाण केली" असं लिहू नये. शेवटी 'वाचून दाखवले, बरोबर आहे' अशी ओळ, सही किंवा अंगठा, वाचून दाखवणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ. कोऱ्या कागदावर कुणाचाही अंगठा घेऊ नका, कितीही घाई असली तरी.

तिसरं काम सीसीटीव्हीचं. परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण शक्यतो १८ महिने, कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही इतकं जपण्याचे आदेश दिले. पोलीस अधीक्षकांना लगेच पत्र द्या: अमुक ठाणं, अमुक तारीख, रात्री इतक्यापासून इतक्यापर्यंतचं चित्रीकरण जपून ठेवावं. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पुढे चित्रीकरण 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ही पोचच बोलते.

अटक दाखवली असेल तर अटक पंचनामा, नातेवाईकांना कळवल्याची नोंद आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं का, हे तपासा. यांतले पहिले दोन नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली घालून दिले, चोवीस तासांचा नियम राज्यघटनेतलाच; आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही आहेत. अटकेतल्या माणसाला वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे. कोठडीत मृत्यू झाला तर चोवीस तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवणं प्रशासनावर बंधनकारक आहे आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी लागते. तरीही संस्थेने आपली तक्रार वेगळी पाठवावीच.

अर्जात काय लिहायचं, काय जोडायचं

दोन पानं पुरे. पीडिताचं नाव, वय, पत्ता, जिल्हा, जात किंवा जमात, घटना कुठे, कधी, किती वाजता, कोणत्या लोकसेवकाने काय केलं (नाव माहीत नसेल तर हुद्दा, ठाणं, नेमप्लेटवरचं किंवा गाडीवरचं जे दिसलं ते), आधी कुणाकडे तक्रार केली आणि काय झालं, हा विषय कोणत्याही न्यायालयात किंवा दुसऱ्या आयोगापुढे नाही, असं स्पष्ट विधान, आणि मागणी. मागणी नेमकी हवी. "न्याय मिळावा" यावर आयोग काय आदेश काढणार? "सीसीटीव्ही मागवावं, स्वतंत्र अधिकाऱ्याकडून चौकशी व्हावी, अंतरिम भरपाई द्यावी, कुटुंबाला संरक्षण द्यावं" असं लिहा. अंतरिम मदतीची शिफारस आयोग चौकशी चालू असतानाही करू शकतो.

सोबत पीडिताचं ओळखपत्र, एमएलसी किंवा शवविच्छेदन अहवाल, एफआयआरची प्रत (ती फिर्यादीला मोफत मिळते), जबाब, फोटो, आधीच्या अर्जांच्या पोचा, बातमीची कात्रणं जोडा. पीडिताचं संमतिपत्र कायद्याने सक्तीचं नाही, पण मी त्याशिवाय अर्ज पाठवू नये असंच सांगेन. शहरातली संस्था निघून जाते, गावात राहायचं त्या माणसाला असतं. लहान मूल किंवा लैंगिक अत्याचाराची पीडिता असेल तर नाव बंद पाकिटात आयोगाला द्या. पत्रकार परिषदेत, व्हॉट्सअॅप गटावर, कुठेही ते येता कामा नये. तो गुन्हा आहे.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती फाइलला लावा. राष्ट्रीय आयोगाकडे त्याच्या एचआरसीनेट या संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येतो, मोफत क्रमांक १४४३३ आहे. पाड्यावर नेटवर्क नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या सेवा केंद्रातून भरा. मोबाइल क्रमांक मात्र तिथल्या चालकाचा नव्हे, संस्थेच्या कायम चालू असलेल्या फोनचा द्या.

अर्ज गेल्यावर

डायरी किंवा केस क्रमांक मिळतो. आयोग पोलीस अधीक्षक किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतो. आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. आलेला अहवाल बऱ्याचदा तक्रारदाराला म्हणणं मांडण्यासाठी पाठवला जातो, आणि चांगल्या तक्रारी इथेच बुडतात. पत्र येतं, पत्त्यावर कुणी नसतं, पीडित ऊसतोडीला गेलेला असतो, मुदत संपते, 'तक्रारदाराचे काही म्हणणे नाही' म्हणून फाइल बंद. तेव्हा पत्रव्यवहाराचा पत्ता संस्थेचाच द्या आणि अहवालाला मुद्देवार उत्तर पाठवा. अहवाल म्हणतो "तो पळताना पडला"; तुम्ही लिहा, "एमएलसीतील तिसरी जखम तळपायावर आहे, पडून ती होत नाही, सोबत प्रत."

आयोगाचा निर्णय ही शिफारस असते. शासनाने त्यावर काय केलं ते महिन्याभरात कळवायचं असतं. ते झालं नाही तर आयोग उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, पीडितही उच्च न्यायालयात जाऊ शकतो. आदिवासी, दलित, स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

समांतर दारंही वापरा. अॅट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या, नियमांखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी आणि तिच्यात स्वयंसेवी संस्थांशी संबंधित सदस्यांना जागा आहे. बैठक कधी झाली, काय ठरलं, हे माहितीच्या अधिकारात मागा. तो अर्ज संस्थेच्या नावाने नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास.

भरपाईची शिफारस झाली की पुढचा अडथळा कागदांचाच येतो. पीडित मरण पावला असेल तर वारस कोण, त्याचा दाखला कुठे, असं विचारलं जातं. पाड्यावरच्या विधवेच्या नावे बँक खातं नसतं, आधारवरचं आणि मृत्यू दाखल्यावरचं नाव जुळत नाही, आणि मंजूर झालेली रक्कम महिनोन् महिने पडून राहते. त्यामुळे तक्रार पाठवतानाच तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत नावं तपासून घ्या, खातं उघडून ठेवा, आणि पासबुकाची झेरॉक्स त्याच फाइलमध्ये लावा.