पक्षाघातानंतरचं नैराश्य: 'एवढं झाल्यावर उदास वाटणारच' म्हणून सोडू नका

पक्षाघातातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या हातापायाकडे बघतो. मूठ वळते का, चालता येतं का? मनाची चौकशी क्वचितच होते, आणि झालीच तर घरचे परस्पर सांगून टाकतात, 'एवढं झाल्यावर उदास वाटणारच!' या उत्तरापायी कित्येकांचे उपचार राहून जातात.

झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, बरेचदा पहिल्या वर्षातच. कमावता हात लुळा पडल्याचं, शौचालाही दुसऱ्याचा आधार लागत असल्याचं दुःख त्यात असतंच. पण इजा ज्या अवयवाला झालेली असते, त्याच मेंदूतून भावनाही चालतात. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की नैराश्य येतं, असं एकेकाळी मानलं जाई. २००० साली तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. इजा कुठेही असो, मनाची चौकशी करायलाच हवी.

याची किंमत शरीरही मोजतं. फिजिओथेरपिस्ट दारात आले की 'आज नको' म्हणत भिंतीकडे तोंड करणारा रुग्ण आळशी नसतो. मात्र व्यायाम बुडतो, गोळ्या चुकतात, आणि सुधारणेसाठी मोलाचे असलेले पहिले महिने निघून जातात.

ओळखायचं कसं? मालिकेतल्या साध्या प्रसंगाला एकदम हुंदके येतात आणि मिनिटभरात थांबतात, तेव्हा तो भावनांवरचा मेंदूचा ताबा सुटल्याचा परिणाम असू शकतो. त्यावरही औषध आहे, पण ते नैराश्यच असेल असं नाही. जेवणावरची वासना उडणं, पहाटे जाग येऊन पडून राहणं, नातवंडं जवळ आली तरी चेहरा न हलणं, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर काळजी करावी. वाचा गेलेल्यांकडे विशेष लक्ष हवं, कारण त्यांना सांगताच येत नाही. अशा वेळी घरच्यांच्या निरीक्षणावरून भरायच्या प्रश्नावल्या डॉक्टर वापरतात.

नैराश्यावरच्या गोळ्या आणि समुपदेशन, दोन्हींचा उपयोग होतो. ब्रिटनमधल्या 'फोकस' चाचणीत पक्षाघात झालेल्या ३,१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दिली. २०१८ साली निष्कर्ष आले: नैराश्य कमी जणांना आलं, पण दैनंदिन हालचालींत फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून ही गोळी सरसकट सगळ्यांना नको. ज्याला नैराश्य आहे त्याला मात्र ती नाकारूही नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, काही औषधांच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर गोळी मनाने बंद करू नये.

पुढच्या तपासणीला जाताना बीपीच्या नोंदींसोबत दोन प्रश्नांची उत्तरंही न्या: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नव्हता का? मन खिन्न होतं का? आणि 'मी गेलो तर तुम्ही सुटाल' असं बोलणं कानावर आलं, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. रुग्णाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, आणि सेवा करून थकलेल्या घरच्यांनीही तिथे फोन करावा.