पिण्याच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत कसा द्यायचा : अर्ज, कागदपत्रे आणि बाटली

जलसुरक्षक (गावच्या पाणीपुरवठ्याचं काम बघणारा ग्रामपंचायतीचा माणूस) असो, शुद्धीकरण केंद्रावरचा ऑपरेटर असो की बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीचा सचिव, पाणी तपासायला देताना घोळ बहुतेक वेळा कागदात होत नाही, बाटलीत होतो. कागदपत्रं फारशी लागतच नाहीत, म्हणून ती आधी उरकून घेऊ.

कोण देऊ शकतं?

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत होते. ग्रामपंचायतीचे नमुने तिथे नेमाने जातात. जल जीवन मिशनच्या निकषांप्रमाणे प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक, म्हणजे जंतूंची, तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, व्हायला हवी. स्वतःच्या विहिरीचं किंवा घरच्या नळाचं पाणी कोणालाही शुल्क भरून तपासून घेता येतं. 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पाणी गुणवत्ता पोर्टलवर जवळची प्रयोगशाळा शोधता येते. अहवाल एखाद्या वादात किंवा परवान्यासाठी वापरायचा असेल, तर प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, एवढंच विचारू नका. तुम्हाला हव्या त्या घटकासाठी ती मान्यता आहे का, हेही विचारा.

काय लागतं?

ग्रामपंचायत किंवा सोसायटी असेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र, खाजगी व्यक्ती असेल तर साधा अर्ज आणि मोबाईल नंबर. ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवलेली बरी. जैविक आणि रासायनिक तपासणीचं शुल्क वेगवेगळं असतं, म्हणून दोन्ही हव्यात का ते पत्रातच स्पष्ट लिहा. नुसतं ‘पाणी तपासून मिळावे’ एवढं लिहिलं की खिडकीवर पुन्हा चर्चा सुरू होते. नमुन्याच्या माहितीत गाव, स्रोताचा प्रकार, नेमकं ठिकाण, घेतल्याची तारीख आणि वेळ, घेणाऱ्याचं नाव, आणि टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं की नाही, हे सगळं यायला हवं. शासकीय स्रोताला सांकेतिक क्रमांक असेल तर तोही लिहा. एका गावात तीन हातपंप असतात, आणि ‘शाळेजवळचा’ म्हटल्याने तो कुठला हे प्रयोगशाळेला कळत नाही.

बाटली

रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा साधारण एक लिटरचा कॅन चालतो. तो त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायचा. जैविकचं मात्र सगळं उलटं आहे. त्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची आणि अजिबात विसळायची नाही. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते विसळण्यात निघून जातं. त्याचं काम पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ करण्याचं. ते नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

नळ दोन-तीन मिनिटं सोडून द्या. धातूची तोटी असेल तर ज्योतीने तापवा आणि थोडं पाणी वाहू देऊन मग बाटली भरा. झाकण आतून हाताळू नका आणि वर थोडी मोकळी जागा ठेवा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवा. 24 तासांच्या पुढे गेलेला जैविक नमुना देण्यात अर्थ नाही. म्हणूनच शनिवारी दुपारी नमुना घेऊ नये. प्रयोगशाळा कोणत्या दिवशी जैविक नमुने घेते, ते आधी फोन करून विचारा.

आणि नमुना टाकीखालच्या नळाचा घेऊन थांबू नका. वितरणाच्या शेवटच्या टोकाचा घ्या, गटाराशेजारून लाईन जाते तिथला घ्या. टाकीजवळ क्लोरीन भरपूर असतोच.

रोजची ओटी आणि नोंदवही

प्रयोगशाळेचा अहवाल एका दिवसाचा असतो, ओटी, म्हणजे पाण्यातला क्लोरीन मोजणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी, मात्र रोज करायची. शेवटच्या नळाला उर्वरित मुक्त क्लोरीन (जंतू मारूनही शिल्लक राहिलेला) लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा, आणि टीसीएल टाकल्यावर अर्धा तास तरी जायला हवा. ओटीचा पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांत बघायचा. नंतर गडद होणाऱ्या रंगात संयुक्त (पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही मिसळलेला असतो. नळ, वेळ, वाचन आणि सही वहीत त्याच दिवशी घाला. साथ आली की चौकशीला पहिली मागतात ती हीच वही. एका हाताने, एका पेनाने लिहिलेला अख्खा महिना कोणालाही ओळखू येतो.

अहवाल आल्यावर

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500:2012. जैविकमध्ये 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू) आढळता कामा नये, यात सवलत नाही. आढळले तर लाईनची गळती, व्हॉल्व्हचे खड्डे आणि टीसीएल पावडरचा दर्जा तपासा, दुरुस्ती करा, क्लोरीनचा डोस वाढवा आणि त्याच नळाचा नमुना पुन्हा पाठवा. उघडं पडून राहिलेलं टीसीएल झपाट्याने निकामी होतं. पोतं अर्धं भरलेलं दिसलं म्हणून त्यात दम आहे असं धरू नका.

नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर, किंवा फ्लोराईड 1.5 च्या वर आलं तर टीसीएलचा काही उपयोग नाही. नायट्रेटचं पाणी उकळलं तर पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडग्रस्त गावांना हा अनुभव जुना आहे: तिथे पर्यायी स्रोत किंवा फ्लोराईड काढणारी यंत्रणा लागते. असा अहवाल आला तर तो ग्रामसभेत ठेवा, त्या स्रोतावर ‘पिण्यासाठी नाही’ असा फलक लावा आणि अहवालाची प्रत जोडून पंचायत समितीकडे पर्यायी स्रोताची लेखी मागणी करा. त्या पत्राची पोच घ्यायला विसरू नका.