हफमन संकेत: आधी सर्वांत दुर्मिळ दोघांची जोडी

झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली की आणखी लहान होईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. बहुधा थोडे बाइट वाढतातच. ‘कोणतीही फाइल निम्मी करून देतो’ हा दावा तर खुशाल खोटा समजावा. १००० बिटांच्या (बिट म्हणजे एक ० किंवा १) जितक्या वेगवेगळ्या फाइली असू शकतात, त्याहून लहान सगळ्या फाइली एकत्र मोजल्या तरी एक कमीच भरते. मग प्रत्येकीला वेगळं छोटं रूप देणार कुठून?

बचत होते ती चिन्हांची वारंवारता असमान असते म्हणून. वारंवार येणाऱ्याला आखूड संकेत, म्हणजे ०-१ची छोटी ओळ, क्वचित येणाऱ्याला लांब. अट एकच: कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात असता कामा नये, नाहीतर एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळणार नाही.

समजा, १०० अक्षरांच्या मजकुरात क ३८, ख १८, ग १६, घ १५ आणि च १३ वेळा येतो. सर्वांना सारखे ३ बिट दिले तर ३०० बिट लागतात. यादीचे वरून जवळपास समान बेरजेचे भाग पाडत जायची प्राध्यापक रॉबर्ट फानोंची पद्धत २२८वर येते. एमआयटीत फानोंचा विद्यार्थी असलेल्या डेव्हिड हफमनने १९५१मध्ये खालून सुरुवात केली. त्याचा निबंध १९५२मध्ये छापून आला. सर्वांत कमी वारंवारतेची दोन चिन्हं जोडायची, बेरीज यादीत परत टाकायची, पुन्हा तेच. १३+१५=२८, १६+१८=३४, २८+३४=६२, ३८+६२=१००. या जोड्यांचं एक झाड बनतं: प्रत्येक जोडी म्हणजे एक फाटा, त्याच्या एका फांदीला ०, दुसरीला १. क ला ०, बाकीच्यांना १००, १०१, ११०, १११. आणि या चार बेरजांची बेरीज, २२४, हेच एकूण बिट! कारण चिन्ह जितक्या जोड्यांत सामील होतं, तितकेच बिट त्याच्या संकेतात असतात.

पुढचा विचार न करणारी ही हावरी पद्धत चुकत का नाही? झाडाच्या सर्वांत खोल पातळीवर नेहमी दोन भावंडं, म्हणजे एकाच फाट्यावरची दोन चिन्हं, असतातच. एकटं टोक असेल तर त्याची फांदी छाटता येते. तिथे वारंवार येणारं चिन्ह असेल तर त्याची दुर्मिळ चिन्हाशी अदलाबदल करा: एकूण बिट वाढूच शकत नाहीत.

व्यवहारात घोळ होतो तो बरोबरीच्या वेळी. दोन बेरजा सारख्या आल्या आणि पाठवणाऱ्याने व उलगडणाऱ्याने वेगळी निवड केली, तर उलगडलेला मजकूर कचरा होतो. म्हणून झिपमधल्या डिफ्लेट पद्धतीत फक्त संकेतांच्या लांब्या पाठवतात. संकेत ठरलेल्या क्रमाने दोन्हीकडे नव्याने बांधले जातात. लांबीलाही १५ बिटांची मर्यादा आहे, कारण १, १, २, ३, ५, ८ अशा फिबोनाची वारंवारतांवर (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) झाड एका बाजूला वाढतच जातं.